होडी इली: निर्वासितांवरच्या आमच्या नाटकाच्या नोंदी

२० जून २०२५

आजपासून नोंदी लिहायच्या ठरवलंय, बघू किती दिवस टिकतंय. मागच्या वर्षी प्लास्टिकवर पथनाट्य केलं त्याचं काहीच लिहून ठेवलं नव्हतं आणि मग अहवाल द्यायच्या वेळी फोनमधल्या फोटोंच्या तारखा बघत सगळं जुळवत बसले, त्यामुळे या वेळी वही.

आठवी नववीची मिळून २२ पोरं, १३ मुली ९ मुलगे. शाळा देवगड-मालवणच्या मधल्या पट्ट्यातली, पुढे दर्या, मागे हापूसच्या बागा. विषय निर्वासित आणि मानवी हक्क. आज जागतिक निर्वासित दिन म्हणून आजचा मुहूर्त, आणि १० डिसेंबरला मानवी हक्क दिन, त्या दिवशी गावात प्रयोग. हातात पावणेसहा महिने दिसतात खरे, पण त्यातून गणपती, सहामाही, दिवाळी वजा केले की किती उरतात ते मोजलंच नाही. हेडसर म्हणाले, "बाई, विषय जरा लांबचा होतोय, स्वच्छता घेतली असतीत तर बरं." मी हो हो केलं आणि घेतला तोच घेतला.

फळ्यावर एकच शब्द लिहिला, निर्वासित, आणि काय आठवतं ते विचारलं. सिंधी लोक, युद्ध, तंबू, भिकारी, बांगलादेशी, आतंकवादी, एक जण म्हणाला "आमचे मुंबयचे काका" आणि वर्ग हसून लोळला. काहीच पुसलं नाही, फोटो काढून ठेवलाय, डिसेंबरात परत दाखवायचा.

मग आकडा सांगितला. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या हिशेबाने २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसांना जबरदस्तीने घरदार सोडावं लागलेलं होतं. २०११ च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख होता, म्हणजे गडचिरोलीपासून आपल्यापर्यंत सगळी माणसं घराबाहेर आणि वर एक कोटी. मला वाटलं वर्ग गार पडेल. कोणाच्या चेहऱ्यावर काही नाही. फक्त मागच्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, "मग एवढी माणसं शी-शूला कुठे जातात?" हसले सगळे, पण आज विचारलेला सगळ्यात चांगला प्रश्न हाच.

२ जुलै

पिशवीचा खेळ. पाच मिनिटांत घर सोडायचंय, पाच चिठ्ठ्यांवर पाच वस्तू लिहा. मोबाईल, चार्जर, कुत्रा, आईचं मंगळसूत्र, देवघरातला गणपती, एकाने बॅट, एकीने मॅगीची पाकिटं. मग सांगितलं होडीत जागा कमी आहे, दोनच चिठ्ठ्या ठेवा. भांडणं सुरू.

एक मुलगा मात्र गप्प, त्याने पहिल्यापासूनच तीन लिहिल्या होत्या: रेशनकार्ड, आधार, सातबारा. खाली कंसात "प्लास्टिकच्या पिशवीत". त्याचं आजोळ चिपळूणला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तो तिथे होता, दुसऱ्या मजल्यावर. म्हणाला मामीने पिशवी डोक्यावर धरून ठेवलेली रात्रभर, टीव्ही गेला फ्रीज गेला पण पिशवी सुकी राहिली, आणि नंतर भरपाईला पहिल्यांदा कागदच मागितले. एवढं सांगून तो बसला. बाकीच्यांनी हळूच आपापल्या चिठ्ठ्या खोडायला सुरुवात केली. मी "कागदपत्रं आणि ओळख" यावर अर्ध्या तासाचं बोलणं तयार करून आणलेलं, ते पर्समध्येच राहिलं, बरं झालं.

शेवटी एवढंच सांगितलं की पुरात, धरणात, वादळात जे घर सोडतात आणि देशातच राहतात ते विस्थापित. निर्वासित म्हणायला देशाची हद्द ओलांडावी लागते आणि मागे छळाची साधार भीती असावी लागते. १९५१ च्या जिनिव्हा करारात ती भीती कशामुळे याची पाच कारणं दिलीत, ती हाताच्या पाच बोटांवर बसवली: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, अमुक एका सामाजिक गटातलं असणं, राजकीय मत. करंगळी राजकीय मत. घरी जाताना पोरं एकमेकांना करंगळी दाखवत होती, त्याचा गावात काय अर्थ होतो ते लक्षात आल्यावर मी कपाळाला हात लावला.

९ जुलै

आज नुसते खेळ. ब्राझीलचा अगुस्तो बोआल म्हणून नाटकवाला होता त्याच्या पद्धतीतले. हा माणूस स्वतःच १९७१ मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने पकडून छळलेला आणि मग परागंदा झालेला, आधी अर्जेंटिना, पेरू, मग पॅरिस, १९८६ ला परत घरी. म्हणजे आमच्या विषयाला पावणारा गुरू. त्याची एक गोष्ट पोरांना आवडली: पेरूमध्ये एक बाई प्रेक्षकांतून सारखी सुचवत होती की या बायकोने नवऱ्याशी असं वागावं, नट तसं करून दाखवत होते पण बाईचं समाधान होईना, शेवटी बोआल म्हणाला बाई तुम्हीच वर या आणि दाखवा. बाई वर आली, हातात झाडू घेतला आणि जे काय दाखवायचं ते नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला नीटच दाखवलं. तिथून फोरम थिएटर सुरू झालं असं तो सांगायचा. आपल्याकडे बंगालमध्ये जनसंस्कृती नावाची नाटकमंडळी १९८५ पासून खेडोपाडी हेच करतेय.

पुस्तकातले खेळ परके वाटायला लागले म्हणून मध्येच मी म्हटलं चला रापण ओढूया, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून दोराने ओढतात ते मोठं जाळं. दोर नाही, जाळं नाही, नुसती हवा. एका क्षणात बाविसाव्या पोरापर्यंत सगळ्यांचे पाय वाळूत रोवल्यासारखे रुतले, पाठी मागे गेल्या, कोणीतरी "होऽ" सुरू केलं, आणि खरंच दोर दिसायला लागला. ज्यांच्या घरात रापण नाही ती बागायतवाल्यांची पोरंसुद्धा बरोबर ओढत होती. शहरातल्या शिबिरात मी दोन दिवस घालवलेले हा "एकत्र वजन" नावाचा प्रकार शिकायला. इथे चार मिनिटं.

१८ जुलै

आज चुकलं. माझं चुकलं.

चेकनाक्याचा प्रसंग घेतला. चार पोरं शिपाई, बाकीची रांगेत, प्रत्येकाला कागद दाखवायचा, शिपाई वाटेल त्याला सोडणार वाटेल त्याला थांबवणार. शिपाई झालेल्या एकाने इतकं मनावर घेतलं की तो खरोखर ओरडायला लागला, दप्तरं उपडी केली, एका मुलीच्या दप्तरातून नको ती वस्तू बाहेर पडली आणि मुलगे खिदळले. ती रडत बाहेर गेली. मी "छान, खरं वाटतंय" असं म्हणत टाळ्या वाजवत उभी होते, हे लिहायला लाज वाटते पण लिहून ठेवते. तास संपला, बेल झाली, तशीच सगळी पांगली. असला खेळ घेतल्यावर गोल बसून बोलायचं असतं, भूमिका अंगावरून उतरवायची असते, हे मला पाठ आहे. केलं नाही.

रात्री तिच्या आईला फोन केला, माफी मागितली. आई म्हणाली, "बाई, तेका उद्या बरा वाटात." एवढंच.

२१ जुलै

पूर्ण तास गोल बसलो. नियम पोरांनीच केले: दप्तराला, अंगाला, जातीला, घराला हात नाही. थांब म्हटलं की थांब. भूमिका संपली की समुद्राकडे तोंड करून स्वतःचं नाव मोठ्याने ओरडायचं. शेवटचा नियम त्या रडलेल्या मुलीचाच.

शिपाई झालेला पोरगा बराच वेळ नखं खात होता, मग म्हणाला, "बाई, माका मज्जा येत होती." कोणी त्याला काही बोललं नाही. मला वाटतं या वर्षभरातलं सगळ्यात खरं वाक्य हेच असणार, पुढे काही का होईना.

२ ऑगस्ट

शब्दांचा दिवस. थिबा राजा निर्वासित होता का? हा प्रश्न पोरांनी काढला, रत्नागिरीची सहल झालेली असते सगळ्यांची. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा, १८८५ मध्ये इंग्रजांनी गादीवरून काढला, १८८६ ला रत्नागिरीत आणून ठेवला, १९१६ मध्ये तिथेच मेला. तीस वर्षं. एक गट म्हणाला देश सोडावा लागला म्हणजे निर्वासित. दुसरा गट म्हणाला त्याने आसरा मागितलाच नव्हता, त्याला पकडून आणलेला, तो कैदी, आणि ज्याने काढला त्यानेच राजवाडा बांधून दिला. मस्त जुंपली. मी मध्ये पडलेच नाही. शेवटी निकाल असा की थिबा हद्दपार आणि नजरकैदेतला.

मग वळिवडे. घाट चढून गेलं की कोल्हापूर, त्याच्या शेजारी. १९४३ ते १९४८ तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडातून उचलून सायबेरियाकडे नेलेली, तिथून इराणमार्गे इकडे आलेली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. ते गेले आणि मग फाळणीनंतर तिथेच सिंधी निर्वासित आले, आताचं गांधीनगर, जिथून आपल्याकडचे दुकानदार कपडे भरतात. एक पोरगी स्वतःच्या ड्रेसकडे बघायला लागली, तिचा युनिफॉर्म गांधीनगरचाच.

आणि नवगावची गोष्ट, अलिबागजवळची. बेने इस्राएल लोक सांगतात की त्यांचे पूर्वज गलबत फुटून तिथे किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली. दंतकथाच आहे, पण पुढचं खरं की ते पिढ्यान्पिढ्या तेल गाळत राहिले, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. मराठी बोलणारे ज्यू. पोरं म्हणाली मग त्यांना कोणी कागद विचारले नाहीत का. मी म्हटलं विचारले असते तर बुडालेल्या गलबतातून कुठून आणणार होते. चिपळूणवाला म्हणाला, "प्लास्टिकची पिशवी."

१२ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली, बोटी लागल्या कामाला (बंदी तशी ३१ जुलैला संपते पण आमच्याकडे नारळ घातल्याशिवाय खरं नाही). तीन मुलगे सकाळी बंदरावर मदतीला जाऊन मग शाळेत येतात, तालमीत पेंगतात. चालायचंच.

आज त्यांना आचेची गोष्ट सांगितली आणि पेंगणारे जागे झाले. मे २०१५. म्यानमारमधले रोहिंग्या आणि बांगलादेशी यांनी भरलेल्या बोटी अंदमानच्या समुद्रात भटकत होत्या, दलाल बोटी सोडून पळालेले, अन्न नाही पाणी नाही, आणि आजूबाजूचे देश त्यांना किनाऱ्याला लागू देईनात, परत खोल समुद्रात ढकलत होते. त्या माणसांना शेवटी कोणी काढलं तर इंडोनेशियातल्या आचेच्या मच्छीमारांनी, साध्या मासेमारीच्या बोटींनी, शेकडोंनी माणसं आणली. त्यांच्याकडे दर्याचा पिढीजात कायदा आहे, बुडणाऱ्याला काढायचं, कोण कुठला ते नंतर. २००४ च्या त्सुनामीत सगळ्यात जास्त मेलेला किनारा तो हाच.

"बाई, आपल्याकडे पण तसंच," असं तिघे एकदम बोलले. कोणाचं मशीन बंद पडलं की दुसरी बोट टो करून आणतेच, मग ती भांडणातली का असेना, एलईडी दिव्यांनी मासे पकडणारी का असेना. मी सांगितलं हे १९८२ च्या समुद्र कायद्याच्या करारातही लिहिलंय, संकटातल्या माणसाला मदत करणं जहाजावर बंधनकारक. त्यांना त्याचं काही नवल वाटलं नाही. उलट एकाने विचारलं, "ह्या लिवचा कित्याक लागला?"

नाटक इथेच सापडलं. आपल्या बंदराला एक परकी होडी लागते, पुढे काय. नावही लगेच ठरलं, "होडी इली".

१० सप्टेंबर

गणपती गेले, चाकरमानी गेले, पोरं परत आली. पहिली संहिता वाचली. भयंकर आहे.

होडीतून दहा जण उतरतात आणि सरळ पंधरा मिनिटं रडतात. "आमचं घर जाळलं हो", "माझं बाळ गेलं हो", मागे मोबाईलवर बासरी. पोरांनी मन लावून लिहिलंय म्हणून जास्तच वाईट. मुली फाटक्या साड्या घेऊन आल्या, तोंडाला काजळ फासलं. परकी भाषा म्हणून "हुका चुका बुका" असलं काहीतरी बोलतात आणि बघणारे हसतात. आम्ही त्या माणसांची नक्कल करत होतो, वर त्यांच्यावर दया पण करत होतो. बोलून नाउमेद करावंसं वाटेना आणि न बोलून चालेना. आठवडाभर डोक्यात हेच.

२४ सप्टेंबर

गावातले दशावतारी काका आले. चाळीसेक वर्षं कंपनीत काढली, राजे केले, आता गुडघे गेलेत. संपूर्ण रडारड शांतपणे बघितली, पान लावलं, मग म्हणाले, "बाईनू, ही रडारड बंद करा आधी. रडणारो माणूस बघूक कोण रातभर जागाचो नाय. आणि ह्या पोरांनी हो दुख बघलेलो नाय, ता खोटा दिसता. पोरांनी काय बघलेला हा? बंदरावरची माणसा बघलेली हत. ती करा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. तीन महिने मी फिरत होते तो मुद्दा माणसाने तंबाखू चोळता चोळता सांगितला. आमच्याकडे कोणी निर्वासित नाही, मग निर्वासित कशाला करायचे? किनाऱ्यावरचे आपण करायचे. होडीचा तांडेल, माशेवाल्या बायका, सरपंच, पोलीसपाटील, रील काढणारा पोरगा, "आमच्याच पोरांक कामा नाय" म्हणणारा. होडी फक्त असेल, तिच्यावर ताडपत्री, आत माणसं आहेत एवढंच कळेल. दिसणार नाहीत.

बोआलच्या नियमात प्रेक्षक येऊन ज्याच्यावर अन्याय होतोय त्याची जागा घेतो, इथे तर आम्ही त्यालाच ताडपत्रीखाली घातला. नियम मोडला हे मला कळतंय. पण शंभर टक्के मान्य आहे मला तो मोडणं.

दुसरी गोष्ट काकांनीच दिली. फोरममध्ये एक माणूस लागतो जो प्रेक्षकांशी बोलतो, नाटक थांबवतो, टोचतो. बोआल त्याला जोकर म्हणतो. काका म्हणाले, "म्हणजे संकासूर." बरोबरच की! काळा वेष, लाल जीभ, मालवणीत सगळ्यांची फिरकी घेणारा, आणि दशावतारात तरी कुठे लिहिलेले संवाद असतात, सगळं उभ्या उभ्या रचायचं. फक्त पेटाऱ्यातला वेष मिळणार नाही, पेटाऱ्याची पूजा होते. काळा टीशर्ट आणि लाल कापडाची जीभ चालेल म्हणाले. संकासूर कोण, तर जुलैतला शिपाई. त्याला मज्जा येत होती ना, आता ती नीट वापर म्हटलं.

८ ऑक्टोबर

एक पालक शाळेत आले. तावातावाने नाही, पण मोबाईलवर आलेलं काहीतरी दाखवत, की तुम्ही घुसखोरांची बाजू पोरांना शिकवताय का. हेडसरांनी मला बोलावलं. (सरांनी सुरुवातीला विषय टाळला होता पण आज खुर्ची माझ्या बाजूला ओढून बसले, हेही लिहून ठेवते.)

मी सांगितलं ते असं. १९५१ च्या करारावर भारताने सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही, त्यामुळे कोणाला राहू द्यायचं ते सरकार ठरवतं आणि तो वाद नाटकात सोडवायचा आमचा विचारच नाही. सही न करताही १९५९ पासून तिबेटी आले, १९७१ मध्ये पूर्व बंगालातून कोटीभर माणसं आली, १९८३ नंतर श्रीलंकेतले तमिळ आले. आणि राज्यघटनेच्या २१ व्या कलमात जगण्याचा हक्क "नागरिकाला" दिलेला नाही, "व्यक्तीला" दिलाय. अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये हेच म्हटलं, की माणूस नागरिक असो नसो, त्याचा जीव राखणं राज्याचं काम. मतदान, सरकारी नोकरी हा वेगळा विषय.

ते म्हणाले, "पण उद्या खरंच बोट आली तर?" मी म्हटलं नाटकात नेमकं तेच विचारलंय, तुम्ही या, वर येऊन सांगा. आपली ही शंका त्यांनी लिहून द्यावी असंही सुचवलं, त्या पात्रासाठी. हसले आणि गेले. लिहून दिलं नाही, पण पोरांनी "उद्या खरंच इली तर?" हे वाक्य घेतलं नाटकात.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर शाळा भरली. बागांमध्ये राखणीला नेपाळी कुटुंबं यायला लागली, त्यातली एक मुलगी आठवीत दाखल झाली. दोन वर्षांपूर्वीही होती म्हणे दुसऱ्या गावात, मराठी कळतं, बोलते हिंदी-मराठी मिसळून. तालमीला येऊन खिडकीत बसली.

आमच्यातल्या एकाने मोठ्या उत्साहाने जाहीर केलं, "बाई, आपल्याक खरी निर्वासित गावली!" मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पाच महिने शिकवून हे. पण उत्तर तिनेच दिलं, "हम रिफ्युजी नहीं है, पप्पा कामाला आलेत." बरोबर. १९५० च्या तहाने नेपाळी माणूस इथे येऊ शकतो, राहू शकतो, काम करू शकतो, आणि तिचे वडील आंबे राखायला येतात, जसे आपले काका गिरणीत गेले होते. हे मी सांगितलं, पण तिच्या एका वाक्यानंतर ते जरा जास्तच झालं.

मी विचारलं तुला नाटकात काय करायचंय. मनात माझ्या होतंच, होडीतला आवाज हिने द्यावा, खरी वेगळी भाषा. म्हणजे मीही तेच करत होते जे त्या पोराने केलं, फक्त गोड बोलून. ती म्हणाली, "पुलिस."

का, तर म्हणे सगळे पप्पांना कागद विचारतात, मला विचारायचंय.

१४ नोव्हेंबर

तिची पहिली तालीम. काय सांगू. बंदरावर येते, एकेकासमोर उभी राहते, हात पुढे करते आणि हळू आवाजात, अगदी सौजन्याने, "कागद?" बस्स. आवाज चढवत नाही. तांडेल झालेला मुलगा गडबडला आणि खिशात हात घालून चाचपायला लागला, संहितेत नव्हतं. त्याच्याकडे खरंच काही नव्हतं, हाफ पॅंटच्या खिशात सुपारी निघाली. तिने ती उलटीपालटी करून बघितली, परत दिली, आणि वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. "कब से रहते हो इधर?" "जल्मापासून." "लिखा हुआ है?"

जुलैतला आरडाओरडीचा शिपाई संकासुराच्या टीशर्टात कोपऱ्यात उभा राहून हे बघत होता, हाताची घडी घालून.

२८ नोव्हेंबर

शाळेत रंगीत तालीम, प्रेक्षक पाचवी ते सातवी. पहिल्यांदा नाटक पूर्ण दाखवायचं, शेवट वाईट: वाद होत राहतो, रात्र होते, भरती येते, होडी परत आत जाते. मग दुसऱ्यांदा, आणि या वेळी कोणीही "थांब" ओरडून वर येऊ शकतो.

छोट्या पोरांनी धुमाकूळ घातला. एक आला आणि म्हणाला मी मंत्र्यांना फोन करतो. दुसरा हेलिकॉप्टर घेऊन आला. तिसऱ्याने होडीत सोनं असल्याचं जाहीर केलं. संकासूर दर वेळी जीभ काढून विचारतो, "खरा काय जादू?" आणि प्रेक्षक ओरडतात "जादूऽऽ". पाचवीतली एक चिमुरडी आली, काही न बोलता ताडपत्री उचलून आत जाऊन बसली. संकासुराला काही सुचेना, मलाही नाही. खरा की जादू? अजून ठरलेलं नाही.

१० डिसेंबर

प्रयोग देवळाच्या पटांगणात, सात वाजता म्हणून साडेआठला. सव्वाशे दीडशे माणसं. माईक दोनदा गेला. होडी म्हणून खरी जुनी पात आणलेली, ती आणताना एका मुलाचा अंगठा चेमटला, बर्फ लावला, ठीक आहे. सुरुवातीला मानवी हक्कांचा जाहीरनामा, १० डिसेंबर १९४८, तीस कलमं, त्यातलं चौदावं आसरा मागण्याचं, आणि पहिल्या कलमात "सर्व पुरुष" असा अर्थ निघू शकला असता ते "सर्व मानव" आपल्या हंसा मेहतांनी करायला लावलं, एवढं नववीच्या मुलीने दोन मिनिटांत सांगितलं. पुढे बसलेल्या बायकांनी हंसा मेहतांना टाळी दिली.

दुसऱ्या फेरीत बराच वेळ कोणी उठेना. मोठी माणसं लाजतात. मग ऑक्टोबरातले ते पालक उठले, "आधी पोलिसांना कळवलं पाहिजे, ते मी करतो." संकासूर म्हणाला, कळयला, पोलीस तासाभराने येतत, तोपर्यंत? ते थांबले, म्हणाले, "तोपर्यंत... लक्ष ठेवूया." "खंयसून? हंयसून काय होडीजवळ जावन?" पटांगणात हशा, पण ते चार पावलं होडीच्या बाजूला गेले आणि तिथेच उभे राहिले, नाटक संपेपर्यंत.

आणि मग माशेवाल्या एक मावशी, मागच्या रांगेतून, "थांब" वगैरे न म्हणता सरळ चालत आल्या. हातात खराखुरा तांब्या, देवळाच्या शेजारच्या घरातून भरून आणलेला. पोलीस झालेल्या पोरीने वाटेत हात केला, "कागद?" मावशी म्हणाल्या, "पाणी दितंय आधी. इचारूक रात पडली हा, इचार मगे किती ता." पोरगी क्षणभर थांबली. तालमीत ती कोणासाठीच हटलेली नव्हती, मला वाटलं आता काय करणार. तिने वही उघडली, लिहिल्यासारखं केलं, आणि विचारलं, "पाणी किसका है, ये लिखना पडेगा." मावशी कमरेवर हात ठेवून, "लिव. झऱ्याचा."

ताडपत्रीखालून हात कोणाचा आला ते मला दिसलं नाही. तांब्या आत गेला.

भरती आली नाही असं काही आम्ही दाखवलं नाही. संकासुराने विचारलं पुढे काय, उद्या सकाळी हेंका खंय ठेवतलास, खाणार काय, शाळेत का मांगरात, आणि त्यावर जो गलका झाला तो साडेदहापर्यंत. एक जण म्हणाला आठ दिवस ठीक आहे, नंतर नाय. एक म्हणाला आधी आपल्या धरणग्रस्तांचं बघा. दोघांचंही बोलणं काढून टाकण्यासारखं नव्हतं.

१३ डिसेंबर

गोल बसलो. जूनचा फळ्याचा फोटो दाखवला. "आतंकवादी" कोणी लिहायला सांगितलेलं ते कोणालाच आठवेना, मला आठवतंय, मी बोलले नाही. "मुंबयचे काका" मात्र ठेवा म्हणाले. नेपाळी पोरीने फळ्यावर अजून एक शब्द लिहिला, "राखणदार", का ते सांगितलं नाही.

शेजारच्या दोन शाळांनी प्रयोग मागितलाय. एकीने कळवलंय की पोलिसांचं काम मराठी मुलीला द्या. नाही म्हणून कळवलं.

पात परत पोचवली. माईकवाल्याचे ६०० द्यायचेत. ताडपत्री फाटली, ती शाळेच्या खर्चात धरता येईल का सरांना विचारायचं. मावशींचा तांब्या अजून होडीच्या सामानाच्या पेटीतच आहे, उद्या लिलावाच्या वेळी बंदरावर नेऊन द्यायचा.